परदेशातलं एक वर्ष: तयारी परतीच्या तारखेपासून सुरू करा

"ड्रॉप घेतला काय बे?"

बारावी किंवा पदवीनंतर जो कोणी वर्षभर कॉलेजात दिसत नाही, त्याला सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे ड्रॉप म्हणजे एक तर मेडिकलची नीट परीक्षा पुन्हा देणं, नाहीतर विषय राहिलेले असणं. तिसरं काही असू शकतं हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. मी बी.कॉम. झाल्यावर २०२२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीला गेले, कासेल शहराजवळच्या एका गावात एका कुटुंबात राहिले, त्यांची दोन पोरं सांभाळली आणि वर्षभराने परत आले. तेव्हापासून अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठून कुठून मुलंमुली चौकशीला येतात. मुलांपेक्षा त्यांच्या आया जास्त येतात. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

घरी सांगण्याआधी परतीचं पान लिहा

आमच्याकडे घरात तेलुगू, दारात मराठी. नान्नांचं, म्हणजे वडिलांचं, आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्यांना पटवताना मी सोलापूरचा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, "नान्ना, कोटणीस डॉक्टर आपल्याच गावचे की. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या लोकांना त्यांनी बरं केलं."

नान्नांनी चहाचा कप खाली ठेवला. "गेले. परत कुठं आले?"

बोलायला जागाच उरली नाही. १९४२ च्या डिसेंबरात कोटणीस चीनमध्येच वारले, वय अवघं बत्तीस. इतकी वर्षं त्यांचं कौतुक करताना ही बाजू माझ्या कधी मनातच आली नव्हती.

त्या रात्री मी वहीचं पहिलं पान लिहिलं ते परत येण्याचं. कोणत्या महिन्यात परतणार, तेव्हा कोणते प्रवेश चालू असतील, कोणते दाखले ताजे लागतील. ते पान दुसऱ्या दिवशी नान्नांसमोर ठेवलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण "जायचं नाही" वरून गाडी "पैसे किती लागतील" वर आली. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. घरच्यांच्या समाधानासाठी तर हे पान हवंच, पण व्हिसाच्या मुलाखतीतही "परत येऊन काय करणार?" हे विचारतातच.

परतीच्या पानावर काय काय यावं?

बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल तर जरा थांबा. सीईटी आणि नीटचा निकाल त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच चालतो आणि परीक्षा असतात उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये जाऊन पुढच्या ऑगस्टमध्ये आलात तर परीक्षा तुमच्याविना होऊन गेलेली असते, म्हणजे एकाऐवजी दोन वर्षं जातात. माझं स्पष्ट मत सांगते: हे वर्ष पदवीनंतर घ्यावं. तेव्हा वय पुरेसं असतं, पदवी हातात असते आणि दारंही जास्त उघडतात.

पदवीच्या मध्येच जायचं असेल तर नवीन शैक्षणिक धोरणाने सोय केली आहे. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमची क्रेडिट्स सात वर्षं टिकतात. पण धोरण वेगळं आणि कॉलेजची खिडकी वेगळी. पुन्हा कोणत्या सत्रात घेणार, फी कोणत्या वर्षाची लागणार, हे कॉलेजकडून सहीशिक्क्याने लिहून घ्या. "ये की, बघू" हे उत्तर धरून कोणी विमानात बसू नका.

जात पडताळणी बाकी असेल तर ती जाण्याआधी उरका. त्यात एखादी त्रुटी निघाली की स्वतः हजर राहावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही सात हजार किलोमीटरवर कोणाच्या तरी पोराला मोजे घालत असता.

आपल्या पासपोर्टला कोणती दारं उघडतात

इंटरनेटवर गॅप इयरचे व्हिडिओ बघून डोकं फिरतं. पण ती पोरं बहुतेक इंग्लंडची, कॅनडाची असतात. ती तिकीट काढतात, जातात, कॅफेत काम करतात, पुढच्या देशात जातात. त्यांच्या देशांचे एकमेकांशी तसे करार आहेत. आपले करार मोजकेच आहेत, म्हणून "कुठे जावंसं वाटतं" याआधी "कुठे जाता येतं" ते बघा.

ऑस्ट्रेलिया: वर्क अँड हॉलिडे व्हिसा, प्रकार ४६२. भारतीयांसाठी तो २०२४ पासून खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला फक्त १,००० जागा, निवड सोडतीने. सोडतीत नाव घालायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिल्याच फेरीत सुमारे ४०,००० लोकांनी नावं घातली, यावरून तुमचं नाव निघण्याचा अंदाज करा. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि कामापुरतं इंग्रजी लागतं. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही.

ब्रिटन: इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. वय १८ ते ३०, पदवी हवी, वर्षाला ३,००० जागा, हीसुद्धा सोडत. सोडतीला पैसे पडत नाहीत, पण खिडकी जेमतेम दोन दिवस उघडी असते. नाव निघालं तर खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसले पाहिजेत. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो दोन्ही वर्षांचा आधीच भरायचा. नुसता तोच पावणेदोन लाखांच्या पुढे जातो. व्हिसा दोन वर्षांचा मिळतो. सोडत फुकट आहे म्हणून नाव घाला, पण तिच्या भरवशावर बाकीची तयारी थांबवू नका.

जर्मनी: इथे सोडत नाही, कागद आणि भाषा लागते. माझा कल इकडे का आहे ते कळलंच असेल. दोन रस्ते आहेत.

एक, ओ-पेअर. जर्मन कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलकं घरकाम करायचं. त्या बदल्यात राहणं, जेवण, विमा आणि आता महिना २८० युरो हातखर्च, वर भाषेच्या वर्गासाठी महिना ७० युरो. काम दिवसाला सहा तास, आठवड्याला ३० तास, त्यापेक्षा जास्त नाही. आठवड्यात किमान दीड दिवस सुट्टी आणि वर्षाला चार आठवडे रजा. अर्ज करताना वय १८ ते २६ आणि जर्मनची पहिली पातळी, म्हणजे ए-वन, पास. मुलगेही जाऊ शकतात. जास्तीत जास्त एक वर्ष, आणि आयुष्यात एकदाच.

दुसरा रस्ता, स्वयंसेवी वर्ष. तिकडे त्याला एफएसजे म्हणतात. वृद्धाश्रम, बालवाडी, दवाखाना अशा ठिकाणी पूर्णवेळ काम, हातखर्च, विमा, बहुतेक ठिकाणी राहायची सोय आणि वर्षात २५ दिवस शिबिरं. वय २७ च्या आत. इथे जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत, मागतात, आणि ते बरोबरच आहे. आजीबाईंना औषध कधी घेतलं हे विचारता आलं नाही तर तुमचा उपयोग काय? नर्सिंगकडे जायचा विचार असेल त्याने हाच रस्ता धरावा.

वर्कअवे, वूफ यांसारख्या वेबसाइटवरून यजमान शोधून त्यांच्याकडे रोज चार-पाच तास काम केलं की राहणं-जेवण मिळतं. ऐकायला छान. पण पर्यटक व्हिसावर असं काम करणं अनेक देशांत काम म्हणूनच धरतात, पगार मिळो न मिळो. त्या देशाच्या दूतावासाने काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय यात पडू नका.

नाव: सगळ्यात मोठी भानगड

आता पासपोर्ट. केंद्र सोलापुरातच आहे, कारभार पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे. साध्या ३६ पानी पुस्तिकेला १,५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २,०००. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचं. ही प्रक्रिया आता खरंच सोपी आहे. अडकतं ते नावावर.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलटं. बँकेत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. त्यात आमच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं मराठी शाळेच्या रजिस्टरात गुरुजींच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली. सख्ख्या भावाबहिणींच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं, अशी घरं मला चार तरी माहीत आहेत. माझ्या एका मैत्रिणीचं नाव लक्ष्मी. मार्कशीटवर एक्स घालून, आधारवर के-एस-एच घालून. ती दुरुस्ती होईपर्यंत तिची जर्मन परीक्षेची तारीख गेली.

म्हणून पहिलं काम: दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, जन्मदाखला, बँक पासबुक सगळं चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. गुणपत्रिकेला प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. गुणपत्रिका बदलण्यापेक्षा आधार बदलणं कितीतरी सोपं.

वडिलांचं नाव पासपोर्टवर कुठे घालायचं, हाही प्रश्न येतो. मी माझ्या नावाला जोडून घातलं, म्हणजे अर्जातल्या पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही. सगळे कागद जुळले. फक्त जर्मनीत विमा कार्डावर ते तसंच छापून आलं आणि तिथल्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी जोरात नान्नांच्या नावाने हाक मारली. मी बसूनच. तिसऱ्या हाकेला लक्षात आलं की नान्ना म्हणजे मीच.

दहावी पास असाल तर ईसीआर, म्हणजे "नोकरीला परदेशी जाताना सरकारी तपासणी हवी" असा, शिक्का लागत नाही. गुणपत्रिका बरोबर न्यायला तेवढं विसरू नका. पोलीस पडताळणीला घरी कोण असेल ते ठरवून ठेवा. आमच्याकडे शिपाई आले तेव्हा घरात फक्त आज्जी होती आणि तिने "पोरगी कुठं जाणार नाही" असं ठाम सांगून टाकलं.

भाषा: प्रमाणपत्रापेक्षा एक पातळी पुढे

ए-वनची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. १०० पैकी ६० ला पास. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन दुपारची वेळ गाठता येईल असं वाटतं, पण माझं ऐका, आदल्या दिवशीच जा. गाडी दौंडजवळ उभी राहिली की क्रियापदं विसरायला होतात.

बोलण्याच्या परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि एखाद्या शब्दाचं, बहुतेकदा आपल्या नावाचं, स्पेलिंग जर्मन अक्षरांत म्हणून दाखवावं लागतं. आमच्या आडनावांना हे म्हणजे दोरीवरची उडी. मी महिनाभर भांडी घासताना स्वतःचं आडनाव अक्षर अक्षर म्हणत होते. अम्मा बिड्या वळत बसलेली असायची. तिला ते पाठ झालं, अजून येतं.

ए-वन कागदापुरतं पुरतं. तीन वर्षांच्या पोराचं रडणं ए-वनमध्ये बसत नाही. परीक्षा झाली की क्लास थांबवू नका, निघेपर्यंत ए-टूची निम्मी पुस्तकं तरी उरका. क्लास ऑनलाइन घेतला तरी चालतो, फक्त शिकवणारे बोलून घेतात का ते पहिल्या दोन तासांत बघा.

ऑगस्टमध्ये निघायचं तर उलटं मोजा: आदल्या दिवाळीपर्यंत पासपोर्ट, संक्रांतीपर्यंत ए-वनचा अभ्यास, फेब्रुवारीत परीक्षा, मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब ठरणं, लगेच व्हिसाची वेळ. व्हिसाला दोन-तीन महिने सहज जातात.

कुटुंब निवडणं

ओ-पेअरसाठी कुटुंबं वेबसाइटवर किंवा एजन्सीमार्फत भेटतात. प्रोफाइलमध्ये सगळ्यांची घरं सुंदर आणि मुलं गोड असतात. खरं कळतं ते व्हिडिओ कॉलवर. मी पाच कुटुंबांशी बोलले. माझ्या कुटुंबाच्या पहिल्या कॉलला मोठी मुलगी कॅमेऱ्याला जीभ दाखवून पळाली आणि तिच्या आईने माफीबिफी न मागता म्हटलं, "ती रोज अशीच असते." तिथेच मला ती बाई आवडली.

लाजू नका, विचारा. आपल्याला वाटतं पाहुणे म्हणून जातोय तर इतकं खोदून कसं विचारायचं. पण तुम्ही पाहुणे नाही, कामाला चाललात. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दिवस कसा जातो ते तासातासाने विचारा. माझी खोली दाखवा म्हणा, फोन घेऊन आत्ता जाऊन दाखवा. खोली स्वतंत्र, खिडकी असलेली आणि किमान आठ चौरस मीटरची असायला हवी, तळघरातला कोपरा नाही. आधीच्या ओ-पेअरचा नंबर मागा आणि तिच्याशी एकटीने बोला. नंबर द्यायला कां-कूं करणाऱ्या घरी जाऊ नका. भाषेचा वर्ग किती लांब, बस किती वाजेपर्यंत? सायकल चालवावी लागेल का? मला लागली, मागे पोराची गाडी जोडून, चढावर. आपल्याला स्कूटीची सवय, पहिले दोन आठवडे मांड्या पेटल्या. घरात कुत्रा-मांजर? कोणाला कशाची अ‍ॅलर्जी?

हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. त्याचं पुढे सांगते.

ठरलं की करार. तास, हातखर्च, सुट्टी, रजा, विमा, वर्गाचे पैसे हे सगळं त्यात आकड्यांनी लिहिलेलं हवं. "आम्ही तुला घरातलीच समजू" हे वाक्य गोड आहे, पण त्यात तास लिहिलेले नसतात.

फसवणूक

हे सगळ्यांत कडक शब्दांत सांगते. खरं कुटुंब तुमच्याकडे कधीच पैसे मागत नाही. "आमच्या वकिलाकडे व्हिसाची फी भर, इथे आलीस की परत देऊ" असा मेल आला की तो कचऱ्यात. व्हिसाची फी तुम्ही स्वतः व्हिसा केंद्रावर भरता, दुसऱ्या कोणाला नाही.

त्याहून वाईट प्रकार आग्नेय आशियाचा. "थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार लाखभर, तिकीट आमचं" असं सांगून मुलांना म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जातं, पासपोर्ट काढून घेतात आणि दुसऱ्यांना लुबाडायला बसवतात. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार सावध केलं आहे. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सात रस्ता चौकात ऑफिस आहे, एसी आहे, भिंतीवर आयफेल टॉवर आहे, यावरून काही सिद्ध होत नाही.

व्हिसा आणि पैसे

अर्ज पुणे किंवा मुंबईच्या व्हिसा केंद्रावर, निर्णय जर्मन अधिकाऱ्यांचा. फी ७५ युरो, रुपयांत भरायची. करार, ए-वन प्रमाणपत्र, विमा, आणि तुम्हाला का जायचं आहे ते सांगणारं पत्र. हे पत्र इंटरनेटवरून उतरवू नका. तिथे बसलेल्यांनी तेच परिच्छेद शेकडो वेळा वाचलेले असतात. मी लिहिलं होतं की माझ्या काकूच्या तीन पोरांना मी आंघोळी घालून शाळेत सोडते आणि मला पुढे निर्यातीच्या ऑफिसात जर्मन वापरायचं आहे, कारण आमच्या भागातले टॉवेल बाहेर जातात. दोन्ही खरं होतं.

खर्चाचा ढोबळ हिशोब: क्लास आणि परीक्षा तीस-पस्तीस हजार, जाण्यायेण्याचं तिकीट साठ ते ऐंशी हजार, पासपोर्ट, व्हिसा, पुणे-मुंबईच्या फेऱ्या पंधरा हजार, आणि हाताशी तीनेकशे युरो. युरोला शंभर रुपये धरून चला. दीड-पावणेदोन लाखांत बसतं. यासाठी शैक्षणिक कर्जाची आशा धरू नका. आणि घरी पैसे पाठवीन असा शब्द देऊन निघू नका. २८० युरो हा हातखर्च आहे, पगार नाही. मी दिला होता शब्द. नोव्हेंबरपर्यंत कसाबसा पाळला, मग नान्नांनीच फोनवर सांगितलं, "आधी जाड बूट घे."

कार्ड वापरताना मशीन विचारेल, रुपयांत की युरोत? युरोत म्हणा. रुपयांत म्हटलं की भाव मशीनवाल्याचा लागतो.

बॅग, आणि शेंगा चटणीचं प्रकरण

युरोपीय संघात बाहेरून दूध-तूप-पेढे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना फॉर्मवर लिहून द्यावी लागते, नाहीतर दंड. जाड कोट इथून घेऊ नका. मे महिन्यात नवी पेठेत हिवाळी कोट शोधणं हा मूर्खपणा मी केलाय. तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला कोट पंधरा-वीस युरोत मिळतो. भेट म्हणून सोलापुरी टॉवेल न्या. चादर सुंदर असते, पण एका चादरीत बॅगेचं निम्मं वजन जातं. आपली दोन गोल पिनांची प्लग जर्मनीत बसते, ब्रिटन-ऑस्ट्रेलियासाठी अडॅप्टर घ्या.

आणि मी नेली दोन किलो शेंगा चटणी. अम्माने लोखंडी खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली, तीन पिशव्यांत गुंडाळून. पहिल्या संध्याकाळी जेवायला थंड पाव, चीज, काकडी. मी उत्साहाने डबा उघडला, कौतुकाने टेबलाच्या मधोमध ठेवला. घरातल्या बाईंनी वास घेतला, चेहरा पांढरा पडला आणि दुसऱ्या क्षणाला त्यांनी धाकट्याला उचलून खोलीबाहेर नेलं. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, दवाखान्यात नेण्याइतकी. टेबल दोनदा पुसलं, माझे हात साबणाने तीनदा धुतले, डबा बरणीत, बरणी पिशवीत, पिशवी तळघरात. पुढचं वर्षभर मी शनिवारी पोरं आजीकडे गेली की तळघरात उतरून, पायरीवर बसून, पावाला चटणी लावून खायचे. मग वर येऊन दात घासायचे. भाकरीचं पीठही नेलं होतं, ते मात्र सगळ्यांना चाललं. भाकरी थापताना मोठी मुलगी टाळ्या वाजवायची.

पहिले पंधरा दिवस

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी नगरपालिकेत करावी लागते. घरमालकाने, इथे कुटुंबाने, सही केलेला कागद लागतो. ती झाली की बँक खातं, मग राहण्याचा परवाना, कारण व्हिसा सुरुवातीच्या काही महिन्यांपुरताच असतो. परवान्याच्या ऑफिसची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागा. मोबाइलचं सिम प्रीपेडच घ्या.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध आणलं नाही तर सोमवारपर्यंत काळा चहा. रविवारी ड्रिल, मिक्सर, मोठ्याने गाणी काही नाही. प्लास्टिकची बाटली फेकू नका, तिच्यावर २५ सेंट ठेव असते, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळते. फिरायला डॉइचलांड-तिकीट काढा. मी होते तेव्हा, मे २०२३ मध्ये, ते ४९ युरोला सुरू झालं. २०२५ मध्ये ५८ झालं. महिनाभर देशभरातल्या लोकल आणि साध्या गाड्या त्यात चालतात, जलद गाड्या नाही.

नोव्हेंबर वाईट असतो. दुपारी साडेचारला अंधार. आपल्या अंगाला ऊन माहीत, अंधार माहीत नाही. दिवाळी कामाच्या दिवशी येते आणि जाते. मला सगळ्यात जड गेला जानेवारी. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी भावाने व्हिडिओ कॉल लावला. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे, म्हणजे माझी सकाळ. एका हातात पोराचा डबा, दुसऱ्या हातात फोन, बर्फावर सायकल ढकलत, आणि फोनमधून लाखभर लोकांचा जयघोष. सातही नंदीध्वज नीट दिसले नाहीत, नेट अडकत होतं. बालवाडीच्या दारात पोराने विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, थंडी. भाषेच्या वर्गात कोलंबियाची एक मुलगी होती, तिला त्या दिवशी सगळं सांगितलं, तुटक्या जर्मनमध्ये. वर्ग बुडवू नका, तो व्याकरणासाठी जितका तितकाच यासाठी लागतो.

तास वाढायला लागले तर

माझे वाढले. कोणी वाईट नव्हतं. "आज जरा एक तास थांबशील?" असं करत करत आठवड्याला अडतीस-चाळीस. भांडले नाही. एका वहीत रोज सुरुवात आणि शेवट लिहायला लागले, पेन्सिलीने, तारखेसकट. पाच आठवड्यांनी रविवारी जेवणानंतर वही आणि करार शेजारी शेजारी ठेवले. दोघं बराच वेळ गप्प वाचत बसले. मग त्यांनी स्वतःच कॅलेंडर काढलं. पुढच्या महिन्यापासून शुक्रवार मोकळा झाला.

सगळीकडे असं होत नाही. ऐकत नसतील तर एजन्सीला कळवा; कुटुंब बदलता येतं, पण परवान्याच्या ऑफिसला सांगून. पासपोर्ट कायम तुमच्याजवळ, कोणी "सांभाळून ठेवतो" म्हटलं तरी द्यायचा नाही. बर्लिनला आपला दूतावास आहे, फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर कुठूनही तक्रार नोंदवता येते. पोहोचल्या पोहोचल्या हे पत्ते फोनमध्ये घाला आणि घरी एका कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगा.

परत येताना

शेवटचे दोन महिने गडबडीत जातात म्हणून वहीचं ते पहिलं पान आता परत काढा. पत्त्याची नोंद रद्द करा, त्याचा कागद घ्या. बँक खातं बंद करा. जाण्याआधी तिथेच ए-टू किंवा बी-वनची परीक्षा द्या; इकडे येऊन देऊ म्हटलं की राहते.

इकडे प्रवेश घेताना मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्यालाच गॅप सर्टिफिकेट म्हणतात. सेतूत किंवा नोटरीकडे होतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तुमचा दाखला कोणत्या वर्षापर्यंतचा आहे ते निघण्यापूर्वीच बघून ठेवा. उत्पन्नाचे दाखले घरच्यांना आधी काढून ठेवायला सांगा, म्हणजे आल्यावर जून-जुलैच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

आणि कुटुंबाकडून कामाचं प्रशस्तिपत्र हातात घेऊनच निघा. काय काम केलं, किती महिने, कसं केलं, सही, तारीख. मी विमानतळावर आठवण काढली, त्यांनी पोस्टाने पाठवते म्हटलं. पाकिटावर पिनकोडचा एक आकडा चुकला आणि ते पत्र मला अडीच महिन्यांनी मिळालं, तोवर ज्या नोकरीसाठी हवं होतं ती दुसऱ्या कोणाला लागली होती.